सुहासचा रूममेट

सुहास गेल्याची बातमी आमच्या ब्लॉगवाल्यांच्या ग्रुपवर आली तेव्हा मी सांगवीत भाजी घेत होतो. 'झटका आला, कंपनीच्या बसमध्येच...' एवढंच त्याच्यासोबत राहणाऱ्या महेशने लिहिलं होतं. त्याखाली पहिला प्रश्न होता, 'त्याचा चांगला फोटो आहे का कुणाकडे? सप्तरंगी झेंड्यासोबतचा?' माणूस अजून दवाखान्यातून बाहेर आला नव्हता आणि आमच्या मंडळींना पोस्टची घाई झाली होती. संध्याकाळपर्यंत इंग्रजीत श्रद्धांजल्यांचा रतीब सुरू झाला. त्यात सुहास कमी आणि लिहिणारेच जास्त. एकाने तर त्याला 'पुण्याचा कार्यकर्ता' करून टाकलं. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेल्या, दापोडीत भाड्याने राहणाऱ्या आणि कुणी पुणेकर म्हटलं की भडकणाऱ्या माणसाला!

सुहास समलिंगी माणसांच्या हक्कांच्या बातम्या मराठीत लिहायचा. कोर्टात काय झालं, पळून गेलेल्या दोन मुलींना पोलिसांनी पुन्हा घरच्यांच्या ताब्यात कसं दिलं, कुणाची नोकरी का गेली... हे सगळं बसमध्ये बसून, मोबाइलवर. मोशीच्या पुढे बस अडकली की याचा अंगठा सुरू. चाकणच्या ट्रॅफिकने चळवळीला जेवढी मदत केली तेवढी एकाही बड्या संस्थेने केली नाही, असं तो म्हणायचा. जून, म्हणजे प्राइडचा महिना आला की कंपन्यांनी गेटवर सप्तरंगी फुगे लावायचे आणि कँटीनमध्ये 'तसला आहे का रे तो?' म्हणून खिदळायचं, या थेरांवर तो असा तुटून पडायचा की वाचताना मजा यायची. लग्नाच्या हक्काचा प्रश्न कोर्टाने संसदेकडे ढकलला, त्या दिवशी त्याचा मथळा होता, 'आम्ही अजून रूममेटच'. तेव्हा तो आणि महेश कितीतरी वर्षं एकत्र संसार करत होते. महेश मूळचा बीडकडचा, चाकणच्याच पट्ट्यात फोर्कलिफ्ट चालवतो, बोलायला अगदी कमी. ब्लॉगवर त्याचं नाव कधीच आलं नाही, कारण ते त्यालाच नको होतं. "गावाकडं कळलं तर बहिणीला सासरी ऐकून घ्यावं लागंल," म्हणायचा. सुहास यावर चिडायचा, पण नाव छापलं नाही.

दहावा नदीवरच्या घाटावर झाला. दिघीत राहणाऱ्या थोरल्या भावाने चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. ज्याने सुहासला जन्मात पाहिलं नव्हतं अशा एका भावी नगरसेवकाचा फोटो त्यावर सुहासच्या फोटोपेक्षा मोठा होता. शोकाकुलांत सगळी भावकी होती, फक्त महेश नव्हता. घाटावर तो कोपऱ्यात उभा होता आणि भाऊ येईल त्याला सांगत होता, "हा रूममेट." पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. मग जिवंतपणी ज्याचा फोन उचलला नाही, त्याची इच्छा काय राहिली असेल ते शोधण्याचा तमाशा सुरू झाला. "आईला सांभाळतो रे," भाऊ म्हणाला. "गावाकडचा तुझा वाटा कुणाला देत नाही." ज्यांनी एक ओळ वाचली नव्हती ते चुलते ओरडले, "तुझं लिखाण चालू ठेवू!" कावळे भिंतीवर बसून राहिले. शेवटी म्हातारी आई म्हणाली, "आरं, त्या महेशला बी बोलू द्या की. त्याच्यात जीव व्हता त्याचा."

"आई, तू गप बस," भाऊ दात खात म्हणाला आणि गुरुजींकडे वळला. "दर्भाचा करा."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे सुटले. कावळ्यावर माझा विश्वास नाही, सुहासचाही नव्हता. पण यांचा तर होता ना? वाळल्या गवताला कावळा म्हणताना या लोकांना काही वाटलं नाही. महेशला सुहासचा माणूस म्हणायला मात्र एकाचीही जीभ रेटली नाही. इतका कोता शोक मी पाहिलेला नाही. मला त्या घाटावर किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

परवा दापोडीला महेशकडे गेलो. दाराशी सुहासचे कंपनीचे बूट होते, पॉलिश केलेले. भावाचा निरोप येऊन गेला होता. माझ्या पोरीची सोयरीक चालली आहे, तेवढा ब्लॉग बंद करून टाक. पासवर्ड फक्त महेशला माहीत.

"साऱ्या जगाच्या बातम्या दिल्या यानं," महेश म्हणाला, "अन् याचीच राहिली बघा, राव." मग एका बोटाने टाइप केलेलं त्याने माझ्यापुढे धरलं. सुहासचं नाव, काम, कसा गेला ते, आणि शेवटी, 'त्यांच्या पश्चात पती महेश बाबासाहेब घोलप, आई आणि भाऊ असा परिवार आहे.'

"बहिणीचं काय?" मी विचारलं.

"काल सांगितलं तिला. लई रडली... मग म्हणली, टाक."

त्याने बातमी टाकली. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात सुहासच्या भावाचा फोन आला. पलीकडचा आरडाओरडा मलाही ऐकू येत होता. महेशने तो पूर्ण होऊ दिला.

"हां, मीच टाकली," तो म्हणाला. "माझा नवरा गेलाय."