शिंप्याची गाडी

कुंभारवाड्याहून मी शिकवतो त्या अणशीच्या शाळेला वेळेवर बस नाही, म्हणून मी बऱ्याचदा आमच्या शिंप्याच्या मोटारसायकलवर मागं बसतो. शिवलेले कपडे पोचवायला तो त्याच वाटेनं जातो. दुकानात हा माणूस भारी भित्रा. माप तीन-तीनदा घेतो, खडूची रेघ पुसून पुन्हा काढतो आणि कात्री हातात धरून "कापू न्हवं?" असं गिऱ्हाइकालाच विचारतो. गाडीवर बसला की मात्र घाटातली वळणं ब्रेक न लावता घेतो. एकाच माणसात ही दोन माणसं कशी राहतात, याचं मला कायम कुतूहल.

परवा सकाळी एका वळणावर रस्त्याच्या कडेला गवा उभा होता. शिंप्यानं गाडी थांबवली.

"तो जाईपर्यंत थांबू," म्हणत मी खाली उतरलो.

गवा हलेना. शिंपी दोन मिनिटंही थांबला नाही. मला तिथंच सोडून त्यानं गव्याच्या अगदी जवळून गाडी पलीकडे काढली, आणि मला न्यायला तसाच त्याच्या जवळून परत आला.

"जीव नकोसा झालाय का तुला?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"थांबलो की नको नको ते मनात येतंय, गुरुजी. दुकानात बी तसंच हुतंय. गाडी पळत असली की डोकं गप ऱ्हातंय. बसा."

मी बसलो आणि त्याचा खांदा धरला. खांदा थरथरत होता.

"भ्या वाटतंय व्हय रे?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला आणि त्यानं गियर टाकला.