कपाटात गेलेलं वाण

मंडळी, आज सकाळी बाजारात माझी चांगलीच जिरली.

गेल्या महिन्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून कापडी पिशव्या लुटल्या होत्या. प्लास्टिक जरा तरी कमी व्हावं, एवढाच हेतू. जुन्या इरकली साड्यांच्या एकवीस पिशव्या शिवल्या. प्रत्येकीला काठ लावला, आतून अस्तरसुद्धा.

आज चामराजपेटेत भाजी घेताना शेजारच्या शालिनीअक्का भेटल्या. दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या!

"अक्का, मी दिलेली पिशवी कुठंय?"

"अगं, ती होय? कपाटात, रेशमी साड्यांवर ठेवलीय. इतकी सुंदर पिशवी, तिच्यात मातीनं भरलेले बटाटे कसे गं घालू?"

मला असा राग आला! चार शब्द सुनावणार होते, इतक्यात भाजीवाल्यानं माझे बटाटे तोलले आणि पिशवीसाठी हात पुढे केला. मी दिली.

अक्का बघतच राहिल्या. ती पिशवी आमच्या ह्यांच्या जुन्या पँटची होती, विटलेली, एका बंदाला गाठ मारलेली. काठाची एक मी स्वतःसाठी ठेवलीय. तीही कपाटातच आहे.

"मला अशी का नाही दिलीस?" अक्का म्हणाल्या. "रोज वापरली असती की."

हळदीकुंकवाला पँटची पिशवी द्यायची मला लाज वाटली होती.

खरं सांगा, मी दिली असती तर तुम्ही काय म्हणाला असता?