बुरुलकान-एजेनं दडवलेला तुकडा

बिश्केकच्या त्या ऑफिसात नवा माणूस आला की आधी त्याला बुरुलकान-एजेच्या, म्हणजे बुरुलकानताईच्या, शेजारी बसवायचे. नारिन, ओश अशा गावांना जाणाऱ्या गाड्यांची तिकिटं विकणारी त्यांची साइट नव्या लॅपटॉपवर चालू करणं म्हणजे डोक्याला ताप. हे आधी टाका, ते मागून, याची नवी आवृत्ती त्याला चालत नाही. कुठं काही लिहिलेलं नाही, सगळं एजेच्या डोक्यात. चहाचे पियाले रिते व्हायचे, तळलेल्या बोर्सोकची परात संपायची, तेव्हा कुठं साइट एकदाची हलायची. तोवर तो नवा माणूस एजेचा पुरता मिंधा झालेला असायचा. पन्नाशी उलटलेल्या, नवरा गेलेल्या बाईची नोकरी त्या मिंधेपणावरच टिकून आहे, असा तिचा पक्का समज होता.

आणि मग नुरिझा आली. नारिनकडची तरुण पोर, आणि बोलायला अगदी गोड. गोड बोलणाऱ्यांवर एजेचा मुळीच विश्वास नव्हता. संचालक मेलिसनं सांगितलं, ही मुलगी आपली साइट कंटेनरमध्ये भरणार. म्हणजे डेटाबेस एका बंद डब्यात, साइट दुसऱ्यात, बाकीचं तिसऱ्यात. मग कुठल्याही लॅपटॉपवर एक आज्ञा दिली की सगळं जिथल्या तिथं उभं. तेव्हा एजे, हिला सगळं सांगा.

सगळं सांगा म्हणे! म्हणजे डोकं रिकामं करून द्या आणि घरी बसा. एजेच्या मनात पाल चुकचुकली.

तिनं सांगितलं, पण हात राखून. आवृत्त्या दिल्या, क्रम दिला. गाडीतली सीट राखून ठेवणारा छोटा प्रोग्राम मात्र स्वतःच्या मशीनवर ठेवला आणि ताकास तूर लागू दिली नाही. झालं काय, नुरिझाचे डबे झोकात उभे राहायचे, गाड्या दिसायच्या, वेळा दिसायच्या, आणि तिकीट काढायला गेलं की पडद्यावर चाक गरगर फिरत बसायचं.

आता ही विचारेल, मग विचारेल, म्हणून एजे टपून बसली. पोरगी विचारीना. रोज सकाळी डबे मोडायची, पुन्हा बांधायची, होईल हळूहळू म्हणायची, वर एजेला चहा आणून द्यायची. एकदा तर तो प्रोग्राम एजेच्या स्क्रीनवर उघडाच होता. नुरिझानं तो पाहिला, आणि मुकाट्यानं नजर वळवली.

हे मात्र अतीच झालं. दिसलं तरी मागत नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. भर बैठकीत मेलिससमोर आपलं पितळ उघडं पाडायचा बेत असणार, दुसरं काय! एजेला घास गोड लागेना. चहासुद्धा ती स्वतःचा स्वतः करून घेऊ लागली.

सोमवारच्या बैठकीत मेलिसनं आठ्या घालून विचारलं, तिकीट अजून का निघत नाही? नुरिझानं तोंड उघडलं मात्र, एजे ताडकन उठली.

"तो तुकडा माझ्या मशीनवर राहून गेलाय," ती म्हणाली. "आत्ता देते."

आणि सगळ्यांदेखत दिलाही. नुरिझानं खाली मान घालून तो डब्यात बसवला. एक आज्ञा, आणि सगळे डबे उभे. मेलिसनं स्वतःच्या लॅपटॉपवर नारिनची एक सीट राखून पाहिली, राखली गेली. एजेनं पोरीकडे विजयी नजरेनं पाहिलं. घे, आता कर चहाडी.

मेलिस खूश झाला. पुढं जुने हिशेबही डब्यात भरायचेत, म्हणाला, आणि ते एजेशिवाय कोणाला कळणार? मग नुरिझाकडे वळून तो तितक्याच सहज म्हणाला, "तुझा करार साइट चालू होईपर्यंतचाच होता. झालं की काम. उद्यापासून तू मोकळी."

करार? एजेनं कधी विचारलंच नव्हतं. बैठक उठताच ती नुरिझाच्या टेबलापाशी गेली. पोरगी सामान भरत होती.

"मला बोलली का नाहीस, पोरी?"

"बोलायचं काय, एजे? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे." नुरिझानं चार्जरची वायर गुंडाळली. "तुम्ही तो प्रोग्राम देत नव्हता ना, मी घरी आईला सांगायचे, इथं एक एजे आहे, माझी नोकरी टिकावी म्हणून साहेबांपासूनही तो लपवून ठेवते."