पहिलं पोतं आज माझ्या हातून पडलं

मंडळी, सकाळपासून जिवाला घोर लागला आहे, म्हणून व्यायामशाळेच्या फळ्यावर हा कागद लावतो आहे.

मी हमालीतून वर आलो. धान्याचं दुकान माझं झालं, तरी रोजचं पहिलं पोतं मीच पाठीवर घेतो. आज घेतलं, दोन पावलं टाकली आणि पोतं खाली गेलं.

मागे हमाल कुजबुजले, "शेटले काही मोठी बिमारी तं नाही ना गा?" त्यांना वाटलं, मला ऐकू गेलं नाही!

डॉक्टरांनी पोट कमी करा म्हटल्यापासून तीन महिने मी नुसता पळतो आहे. जोर-बैठका बंद, मुद्गल बंद, जेवण अर्धं. वजन उतरलं म्हणून खुशीत होतो.

दुपारी वस्तादांनी माझा दंड दाबून पाहिला. "चरबीसंगं ताकदही हाकलली तू! बैठका काहून सोडल्या? एक दिवस पळ, एक दिवस वजन उचल, अन् पोटभर जेव."

उद्यापासून तसंच करीन. पण पंचावन्नाव्या वर्षी गेलेली ताकद परत येते का? कुणाची आली असेल, तर या कागदाखाली लिहा, खरं तेच लिहा. धीर द्यायला दुकानात सगळेच लागले आहेत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.