बिननावी खोकला

आमची गेली तेव्हा मी वॉर्डाबाहेरच्या नळावर तांब्या भरत होतो. आतून तिचा खोकला ऐकू येत होता, मग तो थांबला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, डोळा लागला असेल. तांब्या घेऊन आत गेलो तर नर्सबाई तिची चादर वर ओढत होत्या... तोंडावरून. त्याला आता दोनेक महिने झाले. तो तांब्या मी घरी आणला की तिथंच राहिला, ते अजून आठवत नाही.

तिचं नाव केवळबाई. ते मी आज पहिल्यांदा लिहितोय. जन्मभर मी तिला 'अगं' म्हणालो, आणि तिनं तर माझं नाव कधी तोंडातून काढलंच नाही. आमच्या खानदेशात तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं तर ती शेजारणीकडं बघायची, मग शेजारीण सांगायची. मला बोलवायचं असलं की खोकायची. एक बारीक, आणि त्याच्यामागं एक लांबवलेला. लग्न करून या गुजराती मुलखात, लिंबायतला आलो तेव्हापासूनची तिची ही हाक. लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात उमर गेली, माझे कान बसले, समोरचा ओरडला तरी मी हात कानामागं नेतो. पण तो खोकला मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. चहाच्या टपरीवरचे म्हणायचे, "दादा, वॉरंट आलं." मी कप अर्धा ठेवून निघायचो.

तीही बॉबिनच्या मशीनवर बसायची. धाग्याची बारीक धूळ सगळीकडं. नाकाला पदर लावायचा, एवढीच काळजी. पुढं तिला खरा खोकला लागला आणि आमचा घोळ सुरू झाला. ती खोकली की मी उठायचो. "काय गं?" "बसा, तुम्हाला नाही बोलावलं." थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिला माझं हसू यायचं, हसली की आणखी खोकला यायचा, आणि मी पुन्हा उभा... मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर फुप्फुसं आतून कडक झाली होती.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. गुजराती, पण आमच्याशी मोडकं मराठी बोलायच्या. एके दिवशी फोन घेऊन आल्या. म्हणाल्या, "मासी, तुमचा खोकला यात भरून घेऊ? तुमचे एक्सरे, रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये आहेतच, तेही संशोधनाला वापरू. पुष्कळ लोकांचं असं जमा झालं तर कुठला खोकला साधा आणि कुठला वाईट, ते आधीच कळेल. नाव काढून टाकणार, फक्त नंबर ठेवणार. दुसरीकडचे डॉक्टर आले तरी इथंच बसून बघतील, कुणाला काही घरी नेता येणार नाही."

मी सरळ नाही म्हणालो. मी चौथी शिकलेला, पण माझ्या घरातली गोष्ट आजवर बाहेर गेली नाही. बाईमाणसाचं दुखणं परक्यांनी ऐकायचं? आणि नावच काढलं तर ते तिचं कसलं राहिलं? ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "मी कधी तुमनं नाव लिधं का? मंग तुम्ही काय दवडाई गयात?" डॉक्टरीणबाईंना अहिराणी कळली नाही. मला कळली. तिनं कधी नाव घेतलं नाही म्हणून मी काही हरवलो नव्हतो. मग त्यांना म्हणाली, "घ्या बाई. माझं उशिरा कळलं. बॉबिनवर अजून पोरी बसतात." आणि अंगठा दिला.

खोका म्हटल्यावर मात्र लाजली. सांगितल्यावर खोकायचं म्हणजे तिला एकच खोकला येत होता. एक बारीक, आणि मागं एक लांबवलेला... मी कोपऱ्यात स्टुलावर होतो. उठून उभा राहिलो.

दहावं-तेरावं झालं, पाहुणे गावी गेले. घरात तिचे फोटो आहेत, आवाज कुठंच नाही. मी दवाखाना गाठला. म्हणालो, "बाई, तो खोकला एकदा ऐकवा."

"काका, ए नहीं बने. त्यातला मासींचा कुठला, हे मलाच माहीत नाही. कुठला नंबर कुणाचा, ते दुसऱ्या ऑफिसात कुलपात असतं."

"मग सगळे लावा. मी बसतो. मला ओळखता येतो."

मग हळू म्हणाल्या, "काका, तेच तर होऊ द्यायचं नाही. कुणाला ओळखता येऊ नये, असा शब्द दिलाय आम्ही सगळ्यांना. मासींनाही दिलाय."

मी खुर्ची सोडली नाही. पेशंट येत होते, जात होते, मी तिथंच. मालकापुढं कधी वाकलो नाही, त्या दिवशी त्या पोरीपुढं हात जोडले. तिनं ते हात धरून खाली केले. म्हणाली, "घरच्यांना नको असेल तर अर्ज द्या. ते लोक शोधून पुसून टाकतील. पुसता येतो काका, ऐकता येत नाही."

पुसायचं नाव काढल्यावर मी खुर्चीवरून उठलो. म्हणालो, "राहू द्या. हात लावू नका त्याला."

तर तो तिथं आहे. कुठले कुठले शिकलेले लोक येऊन तो ऐकत असतील, काहीतरी मोजत असतील. मोजोत. तिनं दिलाय तो. पण ती माझी हाक आहे, तिच्या तोंडातलं माझं नाव आहे, हे त्या लोकांना कधीच कळणार नाही.

आमच्या गल्लीत खोकणारे पुष्कळ. संध्याकाळी टपरीवर बसलो की कुणीतरी खोकतंच. तिचा नाही हे मला कळतं, माझे कान त्याबाबतीत फसत नाहीत. तरी मी उठतो. टपरीवरचे आता मान खाली घालून चहा पितात. मी घरापर्यंत येतो, कुलूप काढतो, दारात उभा राहतो, "काय गं" म्हणतो...

कप तिकडं अर्धा तसाच राहिलेला असतो.