सर्वेक्षणात न बसलेलं वसुधाकाकूंचं उत्तर

मंडळी, आज जाम वैताग आलाय. शहरात वर्षभर चाललेल्या सांस्कृतिक उपक्रमाचा लोकांवर काय परिणाम झाला, हे विचारत मी लोअर परळच्या चाळींतून फिरतेय.

वसुधाकाकूंचे यजमान गिरणी संपानंतर खचून गेले. तेव्हापासून चाळीच्या हॉलमधलं भजनी मंडळ हाच काकूंचा आधार. उपक्रमाने तोच हॉल वर्षभर प्रदर्शनासाठी घेतला आणि मंडळ मोडलं.

"आता घरात एकटीच गाते गं," काकू म्हणाल्या.

मी आमच्या साहेबांना फोन केला. "त्या प्रदर्शन बघायला गेल्या होत्या ना? मग 'समाधानी' लिही."

नाही लिहिलं. काकूंचं म्हणणं जसंच्या तसं पाठवलं. संध्याकाळी कळलं, ते उत्तर बाद केलंय.

तुम्हीच सांगा, मग आम्ही दारोदार जाऊन विचारतो कशाला?