उलटा फोन, सहा बोटं

वंदना रामटेके फोन उलटा धरायची. पडदा समोरच्या माणसाकडे, पाठ स्वतःच्या छातीकडे आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटं पुढून काचेवर. आम्हा आंधळ्यांच्या ब्रेल लिपीत एका अक्षराला सहा टिंबांची जागा असते. तिच्या फोनच्या काचेवर ती सहा टिंबं सहा बोटांखाली यायची. हवी ती बोटं एकदम टेकवली की अक्षर उमटलं. एकदा सीताबर्डीच्या बसथांब्यावर ती अशी लिहीत असताना समोरची बाई खवळली, "काहून वं, माझा फोटो काढून राहिली काय?" वंदना शांतपणे म्हणाली, "बाई, मले फोटो पाहता आला असता तं पयले माझाच काढला असता." बाई इतकी ओशाळली की तिनेच आम्हा दोघांना बसमध्ये चढवून जागा करून दिली. मी हसलो खरा, पण हे उत्तर मला सुचलं नसतं, असंही मनात आलंच.

मी धकाते. नागपुरातल्या एका अंधशाळेत अठरा वर्षं ब्रेल शिकवतो आहे. आमचं घर उमरेडच्या विणकरांचं; वडिलांची बोटं धाग्यावर चालायची, माझी टिंबांवर. पाटीत कागद अडकवून टोचणीने एकेक टिंब टोचण्यात माझा हात धरणारा विदर्भात कोणी नाही, असं मला वाटायचं, आणि लोकही मला तसं वाटू द्यायचे. दहावीचा वर्ग तर माझा म्हणजे माझाच. अशात वंदना शिक्षिका म्हणून आली. कुहीजवळच्या खेड्यातली, एकोणिसाव्या वर्षी डोळे गेलेली. ज्या वयात मी ब्रेलच्या स्पर्धा जिंकून कंटाळलो होतो, त्या वयात हिने पहिलं टिंब चाचपलं. आणि तरी सभेत मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, बोलायच्या थांबत नाहीत तोच हिचं टिपण तयार! माझी टोचणी अजून दुसऱ्याच मुद्द्यावर टकटक करत असायची. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी डबा गोड लागत नसे.

मधल्या सुट्टीत मुलं तिच्याभोवती गोळा व्हायची. "घाबरून काय राहिले गा? काच चावते काय?" हे तिचं पालुपद. एक-दोन आठवड्यांत शाळेतली निम्मी मुलं फोन छातीशी धरून बसू लागली. मी शिक्षकांच्या खोलीत टोमणा मारला, "टिंब हाताला लागत नाही, ती कसली ब्रेल?" ती म्हणाली, "लिहिणाऱ्याले नाही लागत सर, पण वाचणाऱ्याले तं भेटते ना." यावर मी चहा मागवला.

मग मीही गुपचूप फोनवर लिहायला शिकायचं ठरवलं, घरी, दार लावून. पण मी ‘एच’ लिहावा तर फोन ‘जे’ बोलायचा, ‘डी’ लिहावा तर ‘एफ’. आठ दिवस मी त्या फोनला शिव्या दिल्या आणि नाइलाजाने तो तिच्यापुढे नेला. तिने माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली, एक शब्द लिहायला लावला आणि म्हणाली, "सर, तुम्ही पाटीचा हात लावून राहिले." खरंच होतं. पाटीवर आम्ही कागदाच्या पाठीमागून टोचतो, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. कागद पालटला की ते सुलट होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने मी काचेवरही उलटंच टोचत होतो. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मला रागवायला कारण तरी मिळालं असतं.

त्याच सुमारास मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "धकाते सर, पुढच्या वर्षी दहावीची इंग्रजी ब्रेल वंदना मॅडमले द्यावी म्हणते. पोरं खूश आहेत त्यांच्यावर. यंदाचा सराव पेपर त्याइलेच काढू द्या, मग पाहू." मी "हो" म्हणालो आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. माझा वर्ग चालला होता.

इंग्रजी ब्रेल दोन तऱ्हांची आहे. जुनी मी शिकलो आणि मुलांना शिकवली. नवीत कंसाची खूण वेगळी, दोन घरं व्यापणारी. मोठ्या अक्षराआधी एक जादा टिंब. शब्द आखूड करायच्या काही खुणा तर काढूनच टाकलेल्या. वंदना उशिरा शिकली म्हणून नवीच शिकली. तिच्या फोनमध्ये आणि शाळेच्या छपाईयंत्रात नवीच बसवलेली. तोवर ती खालच्या वर्गांना मराठी शिकवायची, त्यामुळे दहावीच्या मुलांच्या हाताला नवीची ओळख नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. पेपर छापून तिने तपासायला माझ्यापुढे ठेवला. पहिल्या ओळीतच मला कळलं. मुलं अडखळणार, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सगळी पानं वाचली आणि म्हणालो, "बरोबर आहे."

परीक्षेच्या दिवशी वर्ग पहिल्याच पानावर थांबला. "मॅडम, हे काय लिहून आहे?" एकाने विचारलं, मग दुसऱ्याने. एक मुलगी रडायला लागली. वर्षभर घोकलेलं सगळं डोक्यात होतं आणि बोटाखालची अक्षरंच अनोळखी. वंदना कारण शोधत बसली नाही. पेपर हातात घेऊन ती प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचत बाकांमधून फिरू लागली, वेळ संपेपर्यंत, घसा बसेपर्यंत. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून ऐकत होतो. नंतर मोठ्या बाई तिच्यावर चिडल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चूक माझी आहे. मी पोराइले पयले विचाराले पाहिजे होतं." पेपर कोणी तपासला, ते तिने सांगितलं नाही. दहावी माझ्याकडेच राहिली. मला आनंद झाला नाही असं नाही. झाला, आणि संध्याकाळपर्यंत टिकलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या वर्गात आली. "सर, पेपर तुमच्या हाताखालून गेला होता ना?"

"गेला होता. पण मॅडम, मलेही नाही समजलं."

"असं काय," ती म्हणाली. "मग मले जुनी शिकवा. मले दोन्ही आल्या तं पोराइचं अडणार नाही."

नाही कसं म्हणणार? शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही बसू लागलो. जे शिकायला मला दोन वर्षं लागली ते तिने पंधरा दिवसांत बोटांत घेतलं, आणि मी पुन्हा जळलो. बदल्यात तिने माझे हात फोनवर सुलट केले. "हळू लिहा सर, कोणी मागे नाही लागलं तुमच्या," असं म्हणायची. पुढे मला विचारून तिने माझ्याच वर्गात आठवड्याला एक तास नवी ब्रेल शिकवली. माझी मुलं दोन्ही वाचू लागली. घरी जाऊन त्याबद्दल पालकांना सांगताना मुलं तिचं नाव घ्यायची, माझं नाही. हेही मला कळायचं.

गेल्या वर्षी तिला चंद्रपूरला सरकारी नोकरी लागली. निरोप समारंभात मी तिच्याबद्दल चार चांगली वाक्यं बोललो, सगळी खरी. दुपारी तिला बसमध्ये बसवून घरी आलो. तोंडाने बोलायचं धाडस मला कधीच झालं नसतं, म्हणून फोन छातीशी धरला आणि सहा बोटांनी लिहिलं, "मॅडम, तो पेपर चुकीचा आहे हे मला तेव्हाच समजलं होतं. तुमचं वाईट व्हावं म्हणून मी गप्प बसलो."

मी फोन खाली ठेवायच्या आत उत्तर आलं. फोनचा तो कोरडा आवाज वाचू लागला, "मले मालूम होतं सर. मी बाजूच्याच खुर्चीवर होती. कंस आला की तुमच्या बोटाचा आवाज थांबे. पोरं तिथंच अडकली तवा समजलं, काहून थांबे ते."

मी लिहिलं, "मग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तं तुमची माझी भांडणं झाली असती. मग तुम्ही मले जुनी ब्रेल शिकवली असती काय?"

मी फोन पुन्हा छातीशी धरला. मग लिहिलं, "नसती."